मॅडमनी चाचणीला नकार दिला तेव्हा: स्मृतिभ्रंशाच्या तपासणीचं एक प्रकरण

हे प्रकरण कोणा एका रुग्णाचं नाही. वृद्धांच्या तपासणीत पुन्हा पुन्हा समोर येणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते रचलं आहे. त्यातल्या बाई, त्यांचा मुलगा आणि डॉक्टर काल्पनिक आहेत. संशोधनाचे आकडे मात्र खरे आहेत.

बाई ७४ वर्षांच्या, लेखापरीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या. दवाखान्यात सगळे त्यांना मॅडम म्हणत, इथेही तेच म्हणू. पती काही वर्षांपूर्वी वारले. मुलगा आणि सून जवळच राहतात, पण घर वेगळं. मुलगी दूर असते. मधुमेहासाठी पंधराएक वर्षं मेटफॉर्मिन, पित्तासाठी रोज पँटोप्राझोल, हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ ठेवणारं अपिक्झाबॅन, वारंवार लघवी होते म्हणून ऑक्सिब्युटिनिन. शिवाय झोप लागावी म्हणून कोणालाही न विचारता घेतलेली सर्दीची जुन्या पिढीतली गोळी. ही शेवटची गोळी पहिल्या भेटीत कोणी सांगितलीच नाही. औषधांची पिशवी टेबलावर उपडी केल्यावर ती सापडली.

आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. मॅडमच्या आईला शेवटची काही वर्षं स्मृतिभ्रंश होता आणि तिचं सगळं मॅडमनीच केलं होतं.

तक्रार मुलाची होती. आई एकच प्रश्न तासाभरात तीनदा विचारते. एक बिल दोनदा भरलं गेलं, दुसरं राहूनच गेलं. रोजच्या रस्त्यावर वळायचं ठिकाण चुकलं आणि गाडी बरीच पुढे गेली. एका छोट्या संस्थेचे हिशोब ती हौसेने बघते. तिथे या वर्षी बेरीज जुळेना आणि चूक कुठे आहे हे शोधायला तिला आठवडा लागला. याच सगळ्यावर मॅडमचं म्हणणं एका वाक्याचं होतं: "झोप होत नाही, त्यामुळे लक्ष राहत नाही."

वर्षभरापूर्वी त्यांनी स्वतःहून एका डॉक्टरांकडे हा विषय काढला होता. "या वयात एवढं चालायचंच," असं उत्तर मिळालं आणि विषय संपला. असं उत्तर देणारे डॉक्टर अपवाद नाहीत. अल्झायमर्स डिसीज इंटरनॅशनल या संघटनेने २०१९ साली १५५ देशांतल्या सुमारे ७०,००० लोकांची पाहणी केली, तिच्यात आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांना स्मृतिभ्रंश हा म्हातारपणाचा नेहमीचा भाग वाटत होता. रुग्ण बोलत नाहीत अशी तक्रार आपण करतो. काही जण एकदा बोलून बघतात आणि मग गप्प बसतात, हे त्या तक्रारीत येत नाही.

फोनवरची विनंती

मुलाने आदल्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. "बीपी दाखवायला म्हणून आणतो. गप्पा मारता मारता तिची मेमरी टेस्ट करून टाका ना. तिला कळायला नको. आणि काही निघालंच तर आधी मला सांगा."

यात दुष्टपणा काही नाही, पोटतिडीक आहे. अशी विनंती इतकी नेहमीची आहे की अनेक डॉक्टर ती न बोलता मान्यही करतात. नाडी बघता बघता "आज वार कोणता हो?" असं सहज विचारल्यासारखं विचारतात. मला हा प्रकार दोन कारणांसाठी चुकीचा वाटतो. पहिलं म्हणजे, ज्याच्या मेंदूबद्दल प्रश्न आहे त्याची संमती यात नाही. दुसरं कारण अगदी व्यावहारिक आहे. बेसावध माणसाला, निम्मं ऐकू येत असताना, रक्तदाबाचा पट्टा दंडाला आवळलेला असताना विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं कशाचंच मोजमाप नसतात. चाचणी ठरलेल्या पद्धतीने घेतली नाही तर तिच्या गुणांना अर्थ उरत नाही.

डॉक्टरांनी मॅडम बसल्याबरोबर सांगून टाकलं, "तुमच्या मुलाने काल मला फोन केला होता. तुमच्या विसरण्याबद्दल त्याला काळजी वाटते."

"मला ठाऊक आहे," मॅडम म्हणाल्या. "गाडीत बसल्यापासून तो फारच गोड बोलत होता."

मग डॉक्टरांनी मिनी-कॉग सुचवली. तीन शब्द लक्षात ठेवायचे, घड्याळाचं चित्र काढून सांगितलेली वेळ दाखवायची, मग ते तीन शब्द पुन्हा सांगायचे. सगळं पाचेक मिनिटांत. एकूण पाच गुण, तीनपेक्षा कमी आले तर पुढे बघायचं.

मॅडमनी नकार दिला. आवाज न चढवता.

"विचारलंत म्हणून कारणं सांगते. निघालं तर बरं करणारं औषध आहे का? नाही. मग नाव लावून घेऊन मी काय करू? आणि चुकून निघालं तर? पाच मिनिटांच्या एका कागदावर मी कधी कोणाचा ताळेबंद नाकारला नाही."

डॉक्टरांनी चाचणीचा आग्रह सोडला आणि विचारलं, "समजा निघालं, तर दुसऱ्या दिवशी तुमचं काय जाईल?"

याचं उत्तर तयार होतं, म्हणजे त्यांनी विचार पूर्वीच केलेला होता. गाडी जाईल. संस्थेच्या हिशोबावरची सही जाईल. मृत्युपत्र अजून केलेलं नाही. फाइलमध्ये एकदा तो शब्द आला की आपली सही कोण मानणार? थोड्या वेळाने, दाराशी पोचल्यावर, चौथी गोष्ट: "आईचं निदान झालं त्या दिवसापासून लोक तिच्याबद्दल माझ्याशी बोलायला लागले. ती समोर बसलेली असायची."

हा नकार कशाचा होता?

अशा वेळी 'डिनायल' हा शब्द फार चटकन वापरला जातो. रुग्णाला सत्य सोसवत नाही, म्हणून तो तोंड फिरवतो, असं त्यात गृहीत असतं. मॅडमच्या बाबतीत हे बसत नाही. स्वयंपाकघराच्या दाराला त्यांनी स्वतःच्या अक्षरातली यादी लावली होती, फोनमध्ये गोळ्यांचे गजर होते, बिलांसाठी नवी वही घातली होती. एवढी तजवीज करणाऱ्या माणसाला काहीतरी बदलतंय हे कळलेलं असतं.

स्वतःच्या कमतरतेची जाणीवच न होणं हा प्रकार खरा आहे आणि तो मेंदूच्या आजाराचाच भाग असतो. पण त्याचं रूप वेगळं असतं. तो माणूस घाबरलेला नसतो. बिल दोनदा भरलं हे दाखवलं तर "बँकेची चूक असेल" म्हणून खांदे उडवतो आणि दहा मिनिटांत विषय विसरतो. भीती ही उलट जाणीव शाबूत असल्याची खूण आहे. काही जणांत दोन्ही मिसळलेलं असतं: स्मरण गेल्याचं कळतं, निर्णय चुकतायत हे कळत नाही. म्हणून हा फरक एका भेटीत ठरवायचा नसतो.

मॅडमसारखे किती जण असतात? अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी या प्रश्नावर बरीच वर्षं काम केलं आहे. त्यांच्या सुरुवातीच्या एका अभ्यासात, नेहमीच्या डॉक्टरकडे झालेल्या चाळणी चाचणीत (तक्रार नसतानाही सरसकट केली जाणारी प्राथमिक चाचणी) शंका आलेल्यांपैकी जवळपास निम्म्या लोकांनी पुढची निदानाची तपासणी नाकारली. पुढे याच गटाने ६५ वर्षांवरच्या ४,००५ लोकांवर मोठी यादृच्छिक चाचणी केली. निम्म्यांची स्मृतिभ्रंशासाठी चाळणी झाली, निम्म्यांची नाही. २०२० साली निष्कर्ष आले. चाळणीमुळे नैराश्य किंवा चिंता वाढली नाही, पण वर्षभराने जीवनाच्या गुणवत्तेतही फरक दिसला नाही. आणि चाळणीत ज्यांच्याबद्दल शंका आली त्यांच्यातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांनी पुढे तपासून घ्यायला नकार दिला. हे सगळे स्वखुशीने अभ्यासात आलेले, चाळणीला हो म्हणालेले लोक होते, हे इथे विसरू नये. चाचणीला हो म्हणणं आणि निदानाला हो म्हणणं या दोन वेगळ्या संमती आहेत. दवाखान्यात बहुधा पहिलीच मागितली जाते.

मॅडमचा हिशोब बरोबर होता का?

"चुकून निघालं तर?" हा प्रश्न त्यांनी लेखापरीक्षकाच्या सवयीने विचारला होता, आणि तो बिनतोड आहे. समजा, कसलीही तक्रार नसलेल्या १,००० वृद्धांची चाळणी केली आणि त्यांच्यातल्या ६० जणांना खरोखर स्मृतिभ्रंश आहे. चाचणी आजार असलेल्या शंभरांतले ८० पकडते आणि नसलेल्या शंभरांतल्या ८५ जणांना बरोबर सोडते असं धरू. ६० पैकी ४८ सापडतील, १२ निसटतील. उरलेल्या ९४० निरोगी लोकांपैकी १४१ जणांवर मात्र विनाकारण संशय येईल. एकूण १८९ जणांच्या कागदावर लाल खूण, त्यांतले आजारी ४८. म्हणजे चौघांतला एक.

हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, पण अडचण नेमकी हीच आहे. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२० साली पुन्हा हेच म्हटलं की लक्षणं नसलेल्या वृद्धांची सरसकट चाळणी करावी की करू नये हे सांगायला पुरेसा पुरावा नाही. ब्रिटनची राष्ट्रीय चाळणी समितीही सरसकट चाळणीची शिफारस करत नाही.

पण एक गोष्ट मॅडमच्या हिशोबातून सुटली होती. लक्षणं नसलेल्यांच्या रांगेत त्या बसत नव्हत्या. बिलं, रस्ता, बेरीज, पुन्हा पुन्हा तोच प्रश्न, घरातली आजाराची पार्श्वभूमी हे सगळं धरलं तर त्यांच्या बाबतीत चाचणीआधीच शंकेला आधार होता. तक्रार असलेल्या माणसाला तपासणं म्हणजे चाळणी नव्हे, ती तक्रारीची चौकशी. डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्या भेटीत हेच सांगितलं. "तुम्ही नमुना तपासणीला विरोध करताय, आणि तो बरोबर आहे. पण इथे खात्यात फरक दिसलाय. तो कशामुळे आला ते शोधायचं की नाही, एवढाच प्रश्न आहे."

मॅडमनी विचार करायला वेळ मागून घेतला. तो मिळाला. ही घाई करण्यासारखी गोष्ट नव्हती. अचानक गोंधळ, नवी डोकेदुखी, तोल जाणं, पडल्यानंतरचा बदल, दिवसांत झालेली घसरण असं काही असतं तर चित्र वेगळं असतं. रक्त पातळ ठेवणारं औषध घेणाऱ्या माणसाच्या डोक्याला मार लागला असेल तर मेंदूच्या आवरणाखाली रक्त साठू शकतं, आणि तिथे थांबायचं नसतं. डॉक्टरांनी हे नीट विचारून घेतलं होतं.

मुलाशी बोलणं

बाहेर मुलगा अस्वस्थ होता. "तुम्ही तिला का सांगितलंत? आता ती परत येणार नाही. आणि खरंच काही असेल तर तिला कळून काय उपयोग? खचेल ती."

त्याच्यासारखा विचार करणारे खूप आहेत. आयर्लंडमध्ये १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पण गाजलेल्या अभ्यासात अल्झायमरच्या, म्हणजे स्मृतिभ्रंशाला सर्वाधिक वेळा कारण ठरणाऱ्या आजाराच्या, रुग्णांच्या १०० नातेवाइकांना विचारलं गेलं. ८३ जण म्हणाले, रुग्णाला निदान सांगू नये. त्याच नातेवाइकांना पुढचा प्रश्न होता: हा आजार तुम्हाला झाला तर? ७१ जणांना स्वतःला सांगितलेलं हवं होतं. डॉक्टरांनी मुलाला हाच दुसरा प्रश्न विचारला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "मला सांगा. पण मी वेगळा आहे."

डॉक्टर मंडळीही फार पुढे नाहीत. कर्करोगाच्या बाबतीत हा रस्ता तुडवून झाला आहे. अमेरिकेत १९६१ साली ९० टक्के डॉक्टर कर्करोगाचं निदान रुग्णाला सांगू नये या मताचे होते. १९७९ साली ९७ टक्के सांगावं या मताचे झाले. स्मृतिभ्रंश मात्र अजून मागेच आहे. तिथल्याच अल्झायमर्स असोसिएशनने २०१५ साली दिलेल्या आकड्यांनुसार, अल्झायमरचं निदान झालेल्या रुग्णांपैकी किंवा त्यांच्या काळजीवाहकांपैकी ४५ टक्क्यांनाच डॉक्टरांनी ते निदान सांगितल्याचं आठवत होतं. सर्वाधिक आढळणाऱ्या चार कर्करोगांत हेच प्रमाण ९० टक्क्यांच्या वर होतं.

मुलासमोर डॉक्टरांनी नियम स्पष्ट ठेवला. तुम्ही मला काहीही सांगू शकता, तुमचं निरीक्षण मला हवंच आहे. मी मात्र आईच्या परवानगीशिवाय तुम्हाला काही सांगणार नाही. आणि तुम्ही मला काय सांगितलंत ते तिच्यापासून लपवणार नाही. मुलाला राग आला. तो येणार होताच.

आधी काय केलं

स्मरणाची चाचणी बाजूला ठेवून बाकीच्या तपासण्या करायला मॅडम तयार झाल्या. हा मधला रस्ता होता, आणि वैद्यकीयदृष्ट्या तोच पहिला टप्पाही असतो.

बी-१२ जीवनसत्त्व कमी निघालं. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते कमी होऊ शकतं, आणि पित्ताची पँटोप्राझोलसारखी गोळी त्यात भर घालते. थायरॉइड ठीक होतं. कानांची तपासणी झाली तेव्हा दोन्ही कानांनी उंच स्वरांचे आवाज कमी ऐकू येत होते. समोरचा काय म्हणाला ते नीट पोचलंच नाही तर ते लक्षात राहण्याचा प्रश्न येत नाही. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचे टाळता येण्याजोगे जे १४ धोके मांडले, त्यांतही श्रवणदोष आहे. नैराश्यासाठीची १५ प्रश्नांची प्रश्नावली भरली. गुण हद्दीच्या आत होते, पण पतीच्या जाण्याबद्दल मॅडम त्या दिवशी पहिल्यांदा बोलल्या.

सगळ्यांत मोठी सापडलेली गोष्ट औषधांची. ऑक्सिब्युटिनिन आणि झोपेसाठी घेतलेली सर्दीची गोळी ही दोन्ही मेंदूतल्या ॲसिटिलकोलिन या रसायनाला अटकाव करतात. स्मरणासाठी हेच रसायन लागतं. वृद्ध माणसाला अशी दोन औषधं एकाच वेळी म्हणजे गोंधळाला आमंत्रण. सर्दीची गोळी बंद झाली, लघवीसाठी वेगळ्या प्रकारचं औषध आलं, बी-१२ सुरू झालं, कानाला यंत्र लागलं.

इथे खोटी आशा दाखवायचा मोह होतो. 'बरा होणारा स्मृतिभ्रंश' ही कल्पना लोकांना फार आवडते. पण २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात सुधारण्याजोगं कारण सुमारे ९ टक्के रुग्णांत सापडलं होतं आणि प्रत्यक्षात ०.६ टक्केच सुधारले होते. ही कारणं शोधायची ती यासाठी की ती आजारावर भर घालतात आणि ती भर काढता येते. डॉक्टरांनी हे मॅडमना आधीच सांगितलं होतं.

तीन महिन्यांनी सुस्ती गेली होती, गप्पांत त्या पुन्हा टोमणे मारायला लागल्या होत्या. तोच प्रश्न पुन्हा विचारणं मात्र थांबलं नव्हतं. आणि हे मुलाच्या आधी मॅडमनीच सांगितलं.

अटी

"आता तुमची ती चाचणी करू," असं म्हणताना त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर अटी लिहिलेल्या होत्या. निकाल आधी मला, एकटीला. कोणाला, कधी सांगायचं ते मी ठरवीन. शंका असेल तर 'शंका' हाच शब्द वापरायचा, गोलमाल नको. माझ्यासमोर माझ्याबद्दल मुलाशी बोलायचं नाही, माझ्याशी बोलायचं. मध्येच थांबावंसं वाटलं तर थांबेन.

डॉक्टरांनी कागद फाइलला लावला. या कागदात नवल वाटावं असं काही नाही, चांगल्या तपासणीआधी जे बोलणं व्हायला हवं तेच त्यात आहे. फरक एवढाच की ते रुग्णाला स्वतः लिहून आणावं लागलं.

मृत्युपत्राची भीती त्याच भेटीत निकालात निघाली. निदान झालं म्हणून निर्णय घेण्याची क्षमता आपोआप संपत नाही. क्षमता त्या त्या निर्णयापुरती आणि त्या त्या वेळेपुरती बघतात. आपल्याकडे काय आहे, कोणाचा त्यावर हक्क पोचतो, आपण काय करतोय आणि त्याचा परिणाम काय, हे ज्याला समजतं त्याला सौम्य स्मृतिभ्रंशातही मृत्युपत्र करता येऊ शकतं. उलट, सही केली त्याच सुमारास डॉक्टरने क्षमता तपासून तशी नोंद केलेली असेल तर पुढे कोणी हरकत घेतली तर तीच नोंद उपयोगी पडते. मॅडमनी निदान लांबवलं होतं ते ज्या कारणाने, तेच कारण लवकर तपासण्याच्या बाजूचं होतं. हे त्यांना पटायला दोन मिनिटंही लागली नाहीत. पुराव्याचं कागदपत्रांतलं महत्त्व त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

मॉन्ट्रिअलची चाचणी, जिला सगळे मोका म्हणतात, तीत ३० पैकी २२ गुण आले. नेहमीची हद्द २६ ची. कमी शिकलेल्यांना या चाचणीत एक गुण वाढवून देतात. मॅडमना तो लागू नव्हता. याच्या उलट गोष्टही तितकीच खरी आहे: आयुष्यभर आकड्यांत वावरलेला माणूस बराच आजार असूनही चांगले गुण मिळवू शकतो. मॅडमनी उलट वजाबाकी न अडखळता केली. पाच शब्दांपैकी थोड्या वेळाने त्यांना एकच आठवला. परवानगी घेऊन मुलाकडून आठ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली, तीत दोन किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे बदल झाला असण्याची शक्यता. इथे चार आले. सविस्तर मानसशास्त्रीय तपासणी आणि मेंदूचा एमआरआयही झाला.

निष्कर्ष होता सौम्य बोधनऱ्हास. स्मरण वयाच्या मानाने कमी, पण रोजचं जगणं अजून स्वतःच्या हातात. विशेषज्ञांच्या दवाखान्यात येणाऱ्या अशा रुग्णांपैकी दर वर्षी साधारण १० ते १५ टक्के स्मृतिभ्रंशाकडे जातात, काही तिथेच राहतात, काही सुधारतातही.

"म्हणजे सशर्त अभिप्राय," मॅडम म्हणाल्या. त्या नाराज दिसल्या. इतकी तयारी करून त्या उत्तर ऐकायला आल्या होत्या आणि मिळालं ते 'वर्षभराने बघू'. निदान ऐकायची भीती असते हे सगळे सांगतात. अनिश्चिततेचा त्रास वेगळा असतो आणि त्याबद्दल फारसं कोणी आधी बजावत नाही.

मृत्युपत्र त्याच महिन्यात झालं. संस्थेच्या हिशोबावर त्यांनी स्वतःहून दुसरी सही ठेवली. गाडीचा निर्णय कागदावरच्या गुणांवरून न घेता प्रत्यक्ष रस्त्यावर चालवून घेऊन झाला: दिवसा ओळखीच्या रस्त्यावर ठीक, रात्री नाही. डॉक्टरने परवाना खात्याला कळवावं की नाही याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत, त्यामुळे ते निदानाआधीच रुग्णाला सांगून ठेवलं तर नंतर फसवल्यासारखं वाटत नाही.

वर्षानंतर

पुढच्या वर्षीच्या तपासणीत घसरण स्पष्ट होती. औषधांच्या वेळा चुकत होत्या, बँकेचं काम एकटीने होत नव्हतं. अल्झायमरमुळे आलेला सौम्य स्मृतिभ्रंश, असं निदान झालं. ठरल्याप्रमाणे ते आधी मॅडमना एकटीला सांगितलं.

त्यांनी डोळे मिटले, मग विचारलं, "नक्की?" डॉक्टर म्हणाले, "बऱ्यापैकी नक्की." मग त्या म्हणाल्या, "म्हणजे मी आळशी झाले नव्हते."

निदान ऐकून माणूस कोसळतो ही समजूत सरासरीला तरी टिकत नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तपासणीला आलेल्या ९० जणांची मनःस्थिती निदानाआधी आणि नंतर मोजली होती. नैराश्य वाढलं नाही, चिंता उलट कमी झाली. पण सरासरीवर विसंबून फोन न करणं बरोबर नाही. निदानानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत आत्महत्येचा धोका वाढतो असं ब्रिटनमधल्या नोंदींवरून दिसलं आहे; तो विशेषतः ६५ च्या आत निदान झालेल्यांत ठळक होता. मॅडमना आठवडाभरात दवाखान्यातून फोन गेला.

त्या खचल्या नव्हत्या, चिडलेल्या होत्या. त्यांनी मुलाला सांगितलं आणि त्याच संध्याकाळी तो आईच्या वतीने बोलायला लागला. बहिणीला फोन, शेजाऱ्यांना सूचना, "आईला आता त्रास नको." ज्याची मॅडमना सुरुवातीपासून भीती होती ते घरातच आणि प्रेमापोटी झालं. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी त्यांचा तो अटींचा कागद मुलाच्या हातात दिला. तो त्याने तेव्हा पहिल्यांदा वाचला.

औषधांबद्दलही मॅडमनी विचारलं. डोनेपेझिल हे १९९६ पासून वापरात असलेलं औषध. ते लक्षणांना थोडा आधार देतं, आजार थांबवत नाही, आणि हृदयाची गती मंद करू शकतं, म्हणून आधी ईसीजी. तो ठीक होता, गोळी सुरू झाली. लेकॅनेमॅब या नव्या औषधाबद्दल त्यांनी वाचलं होतं. त्याच्या १,७९५ जणांवरच्या मोठ्या चाचणीत १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली होती. मॅडमनी लगेच विचारलं, "२७ टक्के कशाचे?" प्रश्न बरोबर होता: १८ गुणांच्या मापावर तो फरक ०.४५ गुणांचा होता. या औषधाने मेंदूला सूज येऊ शकते, रक्तस्राव होऊ शकतो. मॅडम रक्त पातळ ठेवणारं औषध घेत असल्यामुळे धोका आणखी वाढत होता. तो पर्याय त्यांनी सोडला.

२०२५ साली अमेरिकेत अल्झायमरसाठीच्या पहिल्या रक्ततपासणीला मान्यता मिळाली, तीही लक्षणं असलेल्यांसाठीच. रक्ताची एक नळी द्यायला लोक घड्याळ काढण्यापेक्षा लवकर तयार होतील, आणि 'कळू न देता करून टाका' म्हणणाऱ्यांचं कामही सोपं होईल. वर्षातून दहा वेळा रक्त देणाऱ्या माणसाला त्यातली एक नळी कशासाठी आहे हे कोण विचारून सांगणार, याची व्यवस्था मला अजून कुठे नीट दिसलेली नाही.

या प्रकरणातली शेवटची नोंद मॅडमच्या सूचनेची आहे. पुढच्या तपासणीआधी त्यांनी सांगितलं की गुण आता ऐकायचे नाहीत. मुलाला सांगा, सुनेला सांगा, आवश्यक निर्णय असेल तेव्हा मला विचारा, पण आकडा नको. डॉक्टरांनी ही सूचना तारखेसह लिहून घेतली आणि त्याखाली एक ओळ जोडली: एखादा निर्णय अवलंबून नसेल तर मोका पुन्हा करू नये. मॅडमनी ती वाचली, 'करू नये' खाली रेघ मारली आणि सही केली.